विज्ञान वहीत आणि विहीर कोरडी

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा शोध आजही पुष्कळदा पाणाड्यापासून सुरू होतो. कडुलिंबाची दुबेळकी काठी किंवा तळहातावर नारळ घेऊन तो रानातून फिरतो. जेथे काठी वळते वा नारळ उभा राहतो तेथे खूण होते आणि बोअरची गाडी बोलावली जाते. पाणी लागले नाही तर पाणाड्या आपली दक्षिणा परत करीत नाही आणि गाडीवाला फुटाचा दर सोडत नाही. कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या नावावर उरते. या शेतकऱ्याच्या घरात दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला मुलगा असतो, परंतु त्या क्षणी त्याचे मत कोणी विचारीत नाही आणि त्यालाही आपल्याजवळ काही सांगण्यासारखे आहे असे वाटत नाही. आपल्या विज्ञानशिक्षणाचे याहून कठोर मूल्यमापन दुसरे नाही.

या शेतकऱ्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. संकटात माणूस बांधावर येणाऱ्याचा सल्ला घेतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षणाची स्वतंत्र शासकीय यंत्रणा 1972 पासून आहे. तथापि तिचा भूवैज्ञानिक गावाच्या ओळखीचा नसतो, पाणाड्या असतो. दोष श्रद्धेचा जितका, तितकाच ज्ञान लोकांपासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

वस्तुतः ही भूमी समजण्यास अवघड नाही. मराठवाड्याचा हा भाग लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. घट्ट काळ्या कातळाच्या अंगात पाणी धरण्याची शक्ती नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणूनच एका शेतात विहीर भरलेली आणि बांधापलीकडे बोअर कोरडे, असे घडते. पाणाड्याचा अंदाज काही वेळा बरोबर येतो, यात चमत्कार नाही. अनुभवी माणूस उतार, ओढा, झाडे पाहतच असतो. शिवाय लागलेले बोअर गावभर सांगितले जाते आणि फसलेले विसरले जाते. गावातील दहा वर्षांच्या सर्व बोअरांची यादी करावी, पाणी लागलेले व न लागलेले दोन्ही मोजावेत आणि मग बोलावे, हीच विज्ञानाची रीत आहे. ती नववीतल्या मुलाला जमण्यासारखी आहे. तरीही ती त्याला शिकविली जात नाही.

याच भूमीने दुसरा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकविला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले, तरी सास्तूर आणि त्या परिसरातील गावांनीही तितकाच आघात सोसला. हजारो माणसे झोपेत गाडली गेली. त्यांचा जीव घेतला तो मुख्यतः त्यांच्या घरांनी. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा अवजड भार, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारी ही रचना जमीन हलताच काळ ठरली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड आणि भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा यांचे महत्त्व तेव्हा लोकांना सांगावे लागले.

तोवर दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. भूकंपप्रवणतेच्या राष्ट्रीय नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुराव्यापुढे शास्त्रज्ञांनी मान तुकविली आणि 2002 मध्ये नकाशा बदलला. विज्ञानाचे सामर्थ्य आपले म्हणणे बदलण्याच्या या तयारीत आहे. आपल्या वर्गात मात्र विज्ञान न बदलणाऱ्या उत्तरांचा संग्रह म्हणून शिकविले जाते. व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, कारणे द्या, आणि कारणही मार्गदर्शकातलेच! प्रयोगाची वही प्रयोग न करता भरता येते, हे पालक, शिक्षक आणि परीक्षक सर्वांना ठाऊक असते. ज्या पोराने उत्तर पाठ केले त्याला पोथी पाठ करणाऱ्यापेक्षा वेगळे काय मिळाले? दोघांनीही अधिकारवाणीपुढे मान तुकविली, इतकेच.

शेजारच्या लातूरचे उदाहरण बोलके आहे. 1982 पर्यंत तो भाग याच जिल्ह्याचा होता. तेथील ‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्याभोवती शिकवण्यांचा जो बाजार उभा राहिला, त्यात विज्ञान म्हणजे प्रवेशपरीक्षेचे भांडवल झाले. ते ज्याला परवडते तो गाव सोडतो. ज्याला परवडत नाही तो शेतावर राहतो आणि त्याच्या शेतीला लागणारे विज्ञान त्याला कोणी दिलेले नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत, शिक्षणाचा लाभ खासगी आणि अज्ञानाचा भुर्दंड मात्र गरिबाचा, असा हा व्यवहार आहे.

पर्याय नाहीत असे नव्हे. 1972 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांपासून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. स्वस्त साहित्य, मुलांच्या हातचे प्रयोग, गावची शेते आणि ओढे हीच प्रयोगशाळा, आणि पुस्तक जवळ ठेवून द्यावयाची परीक्षा, ही त्याची वैशिष्ट्ये होती. शेकडो सरकारी शाळांत तो पोचला. 2002 मध्ये शासनाने तो बंद केला. त्यातून इतके तरी सिद्ध झाले की साध्या सरकारी शाळेत आणि साध्या शिक्षकाच्या हातून हे घडू शकते.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. ‘भूजल पुनर्भरण’ हा शब्द मुलगा पाठ करतो. ‘पाणी मुरणे’, ‘पाझर’, ‘झरा आटणे’ हे त्याला घरातूनच ठाऊक असतात. या दोहोंतला पूल बांधणे हे शिक्षकाचे काम आहे. पण एकाच शिक्षकावर अनेक वर्ग, त्यात माहिती भरण्याची कामे आणि रिकाम्या जागा, अशा स्थितीत पूल कोण बांधणार? कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे सांगितले. 2020 च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. लक्ष्य अजून गाठलेले नाही. आणीबाणीत, 1976 मध्ये, वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे घटनेने नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्य नागरिकाच्या माथी मारून साधने देण्याचे टाळणे ही राज्यसंस्थेची चलाखी आहे.

म्हणून विज्ञानशिक्षणाची मागणी वीज, पाणी, हमीभावाच्या मागण्यांशेजारीच मांडली पाहिजे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनी तेथे बसावे, शिक्षकाच्या रिक्त जागेचा आणि प्रयोगसाहित्याचा हिशेब मागावा. त्याचबरोबर जे आजच करता येईल ते करावे. सरळ कडांचा एक डबा शाळेच्या अंगणात ठेवावा आणि पाऊस पट्टीने मोजावा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेचा पत्रा 100 चौरस मीटर असेल तर 20 मिलिमीटरच्या एका सरीत 2 हजार लिटर पाणी वाहून जाते. हे गणित मुलांनी स्वतः करावे. गावच्या विहिरींची पातळी दरमहा दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. ग्रामसभेत बोअरांची यादी वाचावी.

स्वामी रामानंद तीर्थांनी याच जिल्ह्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, अध्यापन केले. निजामाच्या राजवटीत शाळा ही स्वातंत्र्याची पूर्वतयारी होती, हे त्या पिढीला कळले होते. आज प्रश्न राजाच्या सत्तेचा नाही. ‘कशावरून?’ असे विचारण्याचा हक्क मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलालाही आहे की नाही, हा आहे. तो प्रश्न पाणाड्याला विचारता आला, तर उद्या तो बियाणे विकणाऱ्याला, सावकाराला आणि मत मागावयास आलेल्या पुढाऱ्यालाही विचारता येईल. कार्यकर्त्यांनाही विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवूनच कार्यकर्त्यांनी शाळेची पायरी चढावी.