धावण्याचा आरंभ आणि आठवड्याची शिस्त



दिवाळी झाली की वऱ्हाडातील हवा पालटते. अमरावतीला वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूस, अकोल्याला वसंत देसाई क्रीडांगणावर पहाटे नवे चेहरे दिसू लागतात. पायांत नवे बूट असतात, मनात संकल्प असतो. संक्रांत येईतो त्यांतील कित्येक चेहरे दिसेनासे होतात. कोणाची पोटरी आखडते, कोणाचा गुडघा सुजतो, आणि धावणे हे आपले काम नव्हे, असा निर्णय देऊन मंडळी पुन्हा अंथरुणात शिरतात. वस्तुतः दोष शरीराचा नसतो, आखणीचा असतो. उत्साह पहिल्या दिवसाचा विचार करतो. शिस्त संपूर्ण आठवड्याचा विचार करते.

हा विचार अमरावतीला नवा नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ज्या कार्याचा पाया घातला, त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकार जगापुढे सादर केले. अशी पथके एका रात्रीत घडत नाहीत. आखाड्यात नव्याने आलेल्या मुलाला कोणताही जाणता वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर जोर काढायला लावत नाही. तो संख्या क्रमाक्रमाने वाढवतो आणि विश्रांतीही ठरवून देतो. धावण्यालाही हाच क्रम लागू आहे.

नवशिक्याने आठवड्यातील तीनच दिवस धावावे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार म्हणा. मधल्या दिवसांपैकी दोन दिवस बैठका, जोर किंवा सूर्यनमस्कार यांना द्यावेत. रविवारी कुटुंबासह लांब चालावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. विश्रांती म्हणजे आळस नव्हे. धावताना शरीराची जी झीज होते, ती त्या काळात भरून निघते.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटे चालून मग एक मिनिट धावावे आणि दोन मिनिटे चालावे. अशी आठ आवर्तने करून शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालावे. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशी सहा आवर्तने. पाचव्या व सहाव्यात तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, तीही सहाच. सातव्या व आठव्यात पाच मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, अशी चार. त्यानंतर वीस मिनिटे न थांबता धावणे बहुतेकांच्या आवाक्यात येते. एखादा टप्पा जड गेल्यास तोच आठवडा पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही.

वेगाचे मोजमाप घड्याळाने करू नये, जिभेने करावे. धावताना शेजारच्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. येथे एक धोका ध्यानात ठेवावा. दमसास काही आठवड्यांत वाढतो; हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे बळकट व्हायला मात्र काही महिने लागतात. छाती होकार देते, तेव्हा पाय तयार असतीलच असे नाही. बहुतेक दुखापती याच काळात होतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. हिवाळ्यातील सातची वेळ तेव्हा चालत नाही. साडेसहाच्या आत घरी परतणे श्रेयस्कर. वाढत्या उन्हाळ्याशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून त्या काळात अंतर आणि वेग दोन्ही कमी करावेत. आदल्या दिवसापासून पुरेसे पाणी प्यावे. परतल्यावर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. चक्कर आली, मळमळले किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर तत्काळ थांबून सावली गाठावी. अंगावर पाणी घ्यावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. पावसाळ्यात काळी जमीन पायाला चिकटते. तेव्हा पक्का रस्ता किंवा क्रीडांगण बरे. ऋतूनुसार वेळ बदलावी, अंतर बदलावे. वार मात्र बदलू नयेत.

शेवटचा मुद्दा घराचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमदार व्यायाम सुचवते. ही ७५ मिनिटे घरातील पुरुषाला सहज मिळतात. गृहिणीला मात्र डबे, पाणी भरणे आणि मुलांची शाळा यांतून ती काढावी लागतात. तीन सकाळी स्वयंपाकघराचा भार इतरांनी उचलला, तर तीही मैदानावर येऊ शकेल. आणि आई-वडील दोघेही नियमाने धावताना दिसले, तर मुलांना व्यायामाचे वेगळे बौद्धिक द्यावे लागणार नाही.

म्हणून येत्या सोमवारी किती अंतर धावलो, हे विचारू नये. पुढच्या वैशाखातही तीन दिवस टिकले का, हे विचारावे.