विधवा भगिनींचा मान व आमदारांचे कर्तव्य

(सातारा जिल्ह्यातील एका गावी महिला ग्रामसभेच्या आदल्या रात्री चावडीपुढे केलेले भाषण.)



उद्या या गावच्या बायांची ग्रामसभा आहे आणि परवा सर्व गावाची. तिच्यापुढे एक ठराव मांडावयाचा आहे. तो थोडक्यात असा : नवरा वारला म्हणून बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार या गावात कोणी कोणावर करू नयेत, हळदीकुंकवास, ओटी भरण्यास, लग्नाकार्यास तिला इतर बायांप्रमाणेच बोलवावे, आणि असा कायदा सबंध महाराष्ट्रास लागू व्हावा म्हणून आपल्या आमदारांनी विधिमंडळात तोंड उघडावे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. तिसरी आमदारांच्या हातची आहे, परंतु त्यांचा हात हलविणे पुन्हा आपल्याच हातचे आहे, आणि आम्हास मुख्यतः त्याविषयी बोलावयाचे आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, वाडवडिलांची चाल मोडू नका." आम्ही विचारतो, ही चाल वाडवडिलांची केव्हापासून झाली? कुणबी, माळी, धनगर, न्हावी, कुंभार यांच्या घरात पाट लागत असे, मोहतूर लागत असे. तरणी बाई रांडावली तर चार पंच बसत, रात्री पाट लावीत आणि तिचा संसार पुन्हा सुरू होई. आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी हे शब्द होते. पुढे घरात चार पैसे आले, पागोट्याला जर आली, आणि आम्ही वरच्यांच्या घरात डोकावून पाहू लागलो. त्यांच्या घरात विधवेला पुन्हा लग्न नाही, म्हणून आमच्याही घरात नको! त्यांच्यातले केशवपन आम्ही घेतले नाही एवढेच. बाकीचा अपमान मोठेपणा म्हणून दारात आणून ठेवला. ज्यांनी ही चाल काढली त्यांच्यातल्या शिकलेल्या घरांनी ती बरीचशी सोडूनही दिली, आणि आम्ही मात्र ती उराशी धरून बसलो आहोत. उष्टे खाणारास निदान आपण काय खातो हे ठाऊक असते. आम्हास तेही ठाऊक नाही.

आणि ढोंग तरी केवढे! ती बाई भांगलायला चालते, शेंगा उपटायला चालते, उसाला पाणी पाजायला रात्री चालते, जनावरांचे शेण काढायला चालते. फक्त पोरीच्या लग्नात तिला हळद लावता येत नाही. पोटच्या पोरीच्या! तेव्हा ती चुलीपाशी बसून भाकऱ्या थापीत असते आणि मांडवात दुसरी कोणी आईच्या जागी उभी असते. तिने थापलेल्या भाकरीला मात्र विटाळ होत नाही.

आता हेरवाडची गोष्ट. हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्यातले, शिरोळ तालुक्यातले गाव, सांगली-मिरजेच्या शेजारचे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनास ६ मे २०२२ रोजी शंभर वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्याच्या दोन दिवस आधी, ४ मे रोजी, या गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. या विचारामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची खटपट होती. करोनाच्या साथीत तरणेताठे पुरुष गेले आणि घरोघरी हा बांगड्या फोडण्याचा प्रकार पाहावा लागला. झिंजाडे यांनी आपल्या माघारी आपल्या बायकोवर हे प्रकार करू नयेत असे मुद्रांकावर लिहून ठेवले. आमच्या मते प्रत्येक नवऱ्याने करावयासारखे हे काम आहे. घर बांधताना, विहीर पाडताना आपण कागद करतोच ना?

हेरवाडचा ठराव झाला आणि त्याच मे महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढले की, सर्व ग्रामपंचायतींनी या गावाचे अनुकरण करावे. एका गावाने हात वर केले आणि मुंबईच्या सरकारास कागद काढावा लागला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, हे नीट समजून घ्या. ठराव झालेल्या गावातही उद्या एखाद्या भावकीने हट्टाने बाईच्या हातावर दगड घातला, तर ग्रामपंचायत तिला काय शिक्षा करणार? लाज वाटेल तितकीच शिक्षा. आणि ज्यास लाज नाही त्यास शिक्षा नाही.

याच्या मागे दुसरीही एक गोष्ट लपलेली आहे. कुंकू पुसले जाते ते उघड, सर्वांदेखत. सातबाऱ्यावरचे नाव पुसले जाते ते गुपचूप. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या हिश्शात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई या सर्वांचा सारखा वाटा आहे, आणि बाईला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा आहे. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात बाईने दुसरे लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागे. आता तिच्या नावावर आलेले तिच्याच नावावर राहते. हे सर्व कागदावर आहे. पण घडते काय? बाई कोपऱ्यात बसलेली असते, कपाळ पांढरे, तोंडातून शब्द निघत नाही, आणि दिवस उरकतात न उरकतात तोच दीर म्हणतो, "वहिनी, जमीन घरातच राहू दे, इथे सही करा." ती गाडीत बसून तालुक्याला जाते आणि हक्कसोडपत्रावर सही करून परत येते. कशावर सही केली हे तिला दोन वर्षांनी कळते, जेव्हा पोरांच्या फीसाठी ती दिराच्या दारात उभी राहते. ज्या बाईचा मान चारचौघांत मोडला आहे तिच्याकडून सही घेणे सोपे जाते. आम्ही शाळेत पोरांचे दाखले लिहितो, कोणत्या पोराच्या आईच्या नावावर काय उरले हे आम्हास गावापेक्षा आधी कळते.

म्हणून माताभगिनींनो, तुमच्यापैकी कोणावर हा प्रसंग आला तर एवढे ध्यानात ठेवा. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी. (सरकारने त्यांचे नाव बदलले तरी गाव त्यांस तलाठीच म्हणते.) अर्जाची पोच घ्यावी. फेरफाराची नोटीस लागली की हरकतीस पंधरा दिवस मिळतात, तेवढ्यात नाव गाळले आहे का ते पाहावे. आणि वर्षश्राद्ध होईतो कोणत्याही हक्कसोडीवर सही करू नये. भाऊबंद रागावतील, रागावू द्या.

आता कायद्याकडे वळू. "कायद्याने का माणसे सुधारतात?" असा प्रश्न विचारणारे शहाणे प्रत्येक गावात दोन-चार असतात. त्यांना जुना इतिहास सांगावा लागतो. एके काळी लग्नाला गावजोशास बोलावले नाही, सत्यशोधक पद्धतीने लग्न लावले, तरी तो आपल्या वतनाच्या जोरावर दक्षिणेचा दावा लावी आणि कोर्ट त्यास हुकूमनामा देई. काम न करता मजुरी! आमच्या लोकांनी काय केले? भटावाचून लग्ने लावणे चालूच ठेवले, दावे सोसले, जलशांतून गावोगाव बोंब केली आणि ती बोंब मुंबईच्या कौन्सिलापर्यंत नेली. १९२६ साली कौन्सिलाने कायदा केला आणि न बोलावलेल्या जोशाचा तो हक्क गेला. आधी गावाने केले, मग कायद्याने मान्य केले, हा क्रम लक्षात घ्या.

कारागीर बंधूंनो, तुमचाही इतिहास आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांनी सभा भरवून विधवांचे केस कापणार नाही असे ठरविले. वस्तरा ज्याच्या हातात त्यानेच तो खाली ठेवला. आज बांगड्या फोडण्यास न्हावी लागत नाही, कासार लागत नाही, भटजीही लागत नाही. घरच्याच बाया ते करतात, आणि पुष्कळदा ज्यांच्या स्वतःच्या बांगड्या तशाच फोडल्या गेल्या त्याच म्हाताऱ्या पुढे असतात. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

जोतीरावांनी १८६३ साली पुण्यास ब्राह्मण विधवांकरिता बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. जोतीरावांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, सावित्रीबाईंचे माहेर खंडाळ्याजवळचे नायगाव. दोन्ही गावे याच जिल्ह्यातली. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून प्रेतयात्रेपुढे चालल्या. त्यांचे तैलचित्र प्रत्येक शाळेत लावावयाचे आणि शेजारच्या घरी बाईच्या बांगड्या फुटताना ओटीवर तंबाखू मळीत बसावयाचे, हे कोणत्या सत्यशोधकीत बसते?

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला. ते राजे होते, त्यांच्या मनात आले आणि सही झाली. आता राजा नाही. आता विधानसभेत २८८ आमदार आहेत, त्यांपैकी ८ सातारा जिल्ह्यातले आणि ८ सांगली जिल्ह्यातले. या सोळांच्या मनात येत नाही तोवर आपल्या बाजूने कोण बोलणार? आणि त्यांच्या मनात केव्हा येते, हे तुम्ही आम्ही जाणतो.

किती नेट लावावा लागतो याचे उदाहरण साताऱ्याचेच आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म १९४५ सालचा, साताऱ्याचा. जन्माने ते ब्राह्मण. तेव्हा बहुजनांच्या पत्राने त्यांचे नाव का घ्यावे, असे कोणास वाटेल. सत्यशोधकांचे भांडण भिक्षुकशाहीशी होते, कोणाच्या जन्माशी नव्हते. नरबळी, भूत उतरविण्याच्या नावाने मारहाण, बुवाबाजी यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे सह्या गोळा केल्या, मोर्चे नेले, धरणी धरली. २००५ साली विधेयक विधानसभेत मंजूर झाले आणि विधान परिषदेत अडकले. वारकऱ्यांत असे पसरविले गेले की हा कायदा आला तर वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल. शेवटी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी कायदा केला. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांस धक्का नाही असे स्पष्ट लिहिले आहे. वारी आजही चालते, दर आषाढीस तुम्ही जाता. पण जे शब्द आधीच वाचून पाहता आले असते, त्यांच्यासाठी एवढा माणूस गमवावा लागला, याचा राग आम्हास अजून आहे.

तेव्हा विधवांच्या कायद्याबद्दलही अशीच हाकाटी होणार. हळदीकुंकू बंद होईल म्हणतील. सगळ्या विधवांना जबरीने कुंकू लावतील म्हणतील. आमची मागणी उलट आहे. ज्या बाईला दुःखाने कुंकू लावावेसे वाटत नाही तिला कोणी बोलू नये, आणि जिला लावावयाचे आहे तिला कोणी अडवू नये. जबरदस्ती करणारास शिक्षा व्हावी, इतकेच. शिवाय नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली की तलाठ्याने आपण होऊन बायकोच्या नावाची वारसनोंद हाती घ्यावी, आणि तिच्या हक्कसोडीपूर्वी तिला एकटीला बसवून, भावकीला बाहेर ठेवून, कागद वाचून दाखवावा. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो जातपंचायतींच्या जुलमापुरता चांगला आहे. परंतु घराच्या माजघरात जे घडते त्यास वेगळा कायदा लागेल.

आमदारांकडे जावयाचे कसे, हेही सांगतो, कारण निवेदन देण्याचा आता एक तमाशा झाला आहे. आमदार हसतमुखाने कागद घेतात, फोटो निघतो, हार पडतो आणि कागद गाडीच्या काचेपाशी उन्हात वाळत राहतो. म्हणून ठराव तोंडी करू नका. ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहवून घ्या, सूचक आणि अनुमोदक या दोघी बायाच असू द्या, ग्रामसेवकांकडून सहीशिक्क्याची नक्कल घ्या. ती आमदारांच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग विचारा, "साहेब, कोणत्या अधिवेशनात बोलणार?" मंत्र्यांनीच विधेयक आणावे असे नाही, साधा आमदारही अशासकीय विधेयक मांडू शकतो, लक्षवेधी लावू शकतो, प्रश्न विचारू शकतो. यांपैकी एकही केले नाही तर अधिवेशन संपताच पुन्हा जा, त्याच बाया, तोच कागद. एका गावाला ते विसरतील. तालुक्यातल्या पन्नास गावांच्या पोच-प्रती जमल्या म्हणजे विसरणे जड जाईल. निवडणुकीत त्यांचे लोक दारात येतील तेव्हा त्यांस तीच पोच दाखवा, दुसरे काही बोलू नका.

उद्याच्या सभेस ज्यांच्याविषयी ठराव आहे त्या बायांना आधी बोलावणे जावे. आतापर्यंत त्यांना न बोलावण्याची सवय असल्याने त्या आपण होऊन येणार नाहीत. प्रत्येक आळीतल्या दोघींनी घरी जाऊन घेऊन यावे आणि पुढच्या सतरंजीवर बसवावे. ठरावाचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे, तो अध्यक्षांजवळ आहे. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांची जागा कोरी ठेवली आहे. आज रात्री घरी जाऊन विचार करा आणि सकाळी दहापर्यंत ती दोन नावे ग्रामपंचायतीत कळवा.