केळी जातात, पैसे अडतात



आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, ते आजवर तिथेच आहोत. पण बऱ्हाणपुरात राहून केळीचा भाव न कळणारा माणूस विरळाच. आपल्यातल्या कितीतरी घरांची बाग इथे, नाहीतर पलीकडे रावेर-यावलला आहे. म्हणून हा विषय घेतला.

परदेशी माल पाठवणे आपल्या गावाला नवे नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच व्यापारी इथून गेला. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, थेट पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. आज कापडाच्या जोडीला केळी आहेत. फण्या सुट्या करून, धुऊन, खोक्यांत भरून थंड कंटेनरने न्हावा-शेव्याला आणि तिथून आखाताकडे.

अमेरिकेने इराणवर निर्बंध घातले म्हणजे केळी विकायला बंदी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अन्नधान्य आणि औषधे त्यातून वगळलेली असतात. अडतो तो पैसा. मार्च २०१२ मध्ये इराणच्या बँका 'स्विफ्ट'मधून, म्हणजे जगभरच्या बँका ज्यातून एकमेकींना निरोप धाडतात त्या व्यवस्थेतून, बाहेर काढल्या गेल्या. मग डॉलर येणार कसे? आपल्या सरकारने तोडगा काढला. इराणी तेलाची काही किंमत रुपयांत युको बँकेत जमा करायची आणि त्याच रुपयांतून आपले तांदूळ, चहा, सोयापेंड पाठवणाऱ्यांचे पैसे चुकते करायचे.

सोय चांगली होती, पण तिचे मूळ तेलात होते. मे २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली, निर्बंध परत आले आणि मे २०१९ पासून आपण इराणचे तेल घेणे थांबवले. हौदात येणारे पाणी बंद, खालची तोटी चालू. रुपये आटत गेले, बासमतीवाल्यांची बिले थकली.

आमच्या कार्यालयात अशा फायलीवर 'भुगतान लंबित' असा शेरा पडतो आणि फाईल वर्षभर कपाटात बसते. तिचे काही बिघडत नाही. केळी अशी बसत नाहीत! जहाज कंपनीने नकार दिला, विमा मिळाला नाही किंवा खरेदीदाराच्या बँकेने हात वर केले, की निर्यातदार दुबईचा मध्यस्थ गाठतो. मध्यस्थाचा वाटा शेवटी बागेतल्या भावातून निघतो. निर्यातदाराने खरेदीच थांबवली, तर तोच निवडक माल लिलावात येतो आणि सगळ्यांचाच भाव पाडतो.

म्हणून सौद्यात भावाच्या आधी विचारा, पैसे कोणत्या देशातून, कोणत्या बँकेतून येणार? परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणारी ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी १९५७ पासून आहे. निर्यातदाराने तिची पॉलिसी घेतली आहे का आणि तो देश तीत बसतो का, हेही विचारा.

आमच्या नात्यातल्या एकाने हे विचारले नव्हते. त्याचे पैसे तीन हप्त्यांत, पुढचा हंगाम उजाडल्यावर आले. आता तो घड कापण्याआधी निम्मी रक्कम हातात घेतो. भाव थोडा कमी मिळतो, ते त्याला चालते.