वास आला तर बटणाला हात नको

स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. बाहेर पडताच तो सुमारे 250 पट जागा व्यापतो. त्याला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात.

हा वायू हवेपेक्षा जड. तो छताकडे जात नाही. जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, मोरीत साचून राहतो. त्यामुळे वरचा झरोका उघडा आहे, एवढ्यावर विसंबू नका. पहाटे वास आला की आपला हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे जातो आणि घात तिथेच होतो. बटणातली बारीकशी ठिणगीही पुरते. पंखा लावू नका, चालू असेल तर बंदही करू नका. देवापुढचे निरांजन शांत करा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या सताड उघडा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. मग बाहेरूनच 1906 या क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास सुरू असतो.

आणि हो, रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. आपल्या नळीवर छापलेले वर्ष आजच पाहा.