तुमचं कुळ कोणतं?

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि घड्याळही समोर ठेवलं आहे. तेव्हा थेट विषयाकडे येतो.

आपण मिशिगनमध्ये राहतो. 'मोठं सरोवर' अशा अर्थाच्या इथल्याच भाषेतल्या शब्दावरून हे नाव आलं. ही भाषा बोलणारे लोक म्हणजे अनिशिनाबे. त्यात थोरला भाऊ ओजिब्वे, मधला ओडावा आणि धाकटा पोटावाटोमी. तिघे मिळून 'तीन अग्नी'. आजच्या देणग्यांचा एक भाग त्यांच्या मुलांच्या भाषावर्गांना जाणार आहे. तो का, हे सांगायला मी उभा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक ओजिब्वे बाई होत्या. ओळख होताच त्यांनी विचारलं, "तुमचं कुळ कोणतं?" मी आडनाव सांगितलं. त्या हसल्या. "ते नाही. तुमचा प्राणी कोणता?" त्यांचा प्राणी होता अस्वल.

त्यांच्या भाषेत कुळाला 'डूडेम' म्हणतात. इंग्रजीतला 'टोटेम' हा शब्द इथूनच आला. कुळ बापाकडून मिळतं आणि एका कुळात लग्न होत नाही. हे ऐकल्यावर मला आपलं देवक आठवलं. मराठा, कुणबी अशा कितीतरी समाजांत कुणाचं देवक कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोरपीस. आणि देवक एक असलं की सोयरीक नाही. आपल्याकडे देवक आता बहुतेक लग्नाच्या मांडवापुरतं उरलंय. त्यांच्याकडे मात्र कुळावर सगळा कारभार चालायचा.

तो कसा? एडवर्ड बेंटन-बनाई या ओजिब्वे गुरुजींनी आपल्या 'द मिशोमिस बुक' या पुस्तकात सांगितलेली परंपरा अशी. सारस आणि लून हा पाणपक्षी, ही दोन कुळं पुढारपणाची. एकाच्या हाती सत्ता एकवटू नये म्हणून दोन. दोघांत वाद झाला तर निवाडा मत्स्यकुळाचा, ते विचारवंत. अस्वलकुळ गावाची राखण करी आणि औषधी वनस्पती जाणे. मार्टेन हा मुंगसासारखा चपळ प्राणी. त्याच्या कुळात लढवय्ये. हरणाचं कुळ मृदू स्वभावाचं, कवींचं. पक्षीकुळ अध्यात्माचं. गावोगावी ही यादी थोडी बदलते, पण तत्त्व एकच : कुळ म्हणजे मान नव्हे, काम. प्रमुखाला हुकूम सोडता येत नसे. पंचायतीत बसून, सर्वांचं ऐकून, समजूत घालून निर्णय व्हायचा. बायकांच्याही स्वतंत्र सभा असत.

परक्यांशी करार करतानाही कुळच पुढे येई. १७०१ साली माँट्रियलला फ्रेंचांबरोबर मोठा तह झाला. तिथे अनेक जमातींच्या प्रतिनिधींनी सही म्हणून प्राण्यांची चित्रं काढली. १८४९ मध्ये सुपीरिअर सरोवराकाठच्या ओजिब्वेंचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. आमच्या जमिनीवरून आम्हाला उठवू नका, ही विनंती होती. त्यांचा अर्ज भूर्जसालीवर चितारलेला होता. पुढे सारस, मागे मार्टेन, अस्वल, मासे. प्रत्येकाच्या डोळ्यातून आणि हृदयातून निघालेली रेघ सारसाच्या डोळ्याला आणि हृदयाला जोडलेली. सारसाच्या डोळ्यातून एक रेघ पुढे राष्ट्राध्यक्षाकडे, आणि एक मागे आपल्या तळ्यांकडे. आम्ही एका नजरेनं पाहतो, एका मनानं बोलतो. यापेक्षा स्पष्ट अर्ज मी तरी पाहिलेला नाही.

उत्तर काय मिळालं? १८५० मध्ये हुसकावण्याचा हुकूम. वार्षिक रकमेचं वाटप मुद्दाम दूर मिनेसोटात सँडी लेकला ठेवलं. तिथे आणि परतीच्या वाटेवर भूक, थंडी, रोगराईनं सुमारे ४०० माणसं गेली. मग १८५२ साली लूनकुळाचे प्रमुख बफेलो, वय नव्वदीपार, वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले. हुकूम मागे घेतला गेला. १८५४ च्या तहात त्यांच्या राखीव जमिनी ठरल्या.

जमीन थोडी राहिली, पण कुळं मोडत गेली. मुलांना बोर्डिंग शाळांत नेऊन भाषा बंद केली. १९३४ च्या कायद्यानंतर बऱ्याच ठिकाणी सरकारी साच्यातली घटना आणि निवडून आलेल्या समित्या आल्या. पुढे काही जमातींत सभासदत्व रक्ताच्या हिश्शावर ठरू लागलं : अमुक जमातीचं एक चतुर्थांश रक्त असेल तर तुम्ही आमचे. कुळाच्या हिशेबात असा अपूर्णांक नव्हताच. उलट बाप बाहेरचा असेल तर काही भागांत त्या मुलांना मार्टेनचं किंवा गरुडाचं कुळ देत. बिनकुळाचं कुणी राहू नये, ही त्यांची रीत.

आता त्या बाईंकडे परत येतो. त्यांचे आजोबा अशाच एका शाळेत वाढले. घरी त्यांनी डूडेमचा शब्दही काढला नाही. बाईंच्या वडिलांना आपलं कुळ समजलं ते पन्नाशीत. दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्यानं घराणं ओळखलं आणि सांगितलं, "तू अस्वल." बाई म्हणाल्या, "त्या दिवशी बाबा रडले. मग म्हणाले, म्हणजे मला कामं आहेत तर!"

मंडळी, मला हे दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. आपली ओळख कळल्यावर त्या माणसानं आधी आपली कामं मोजली.

आपण आपल्या मुलांसाठी रविवारची मराठी शाळा चालवतो. भाषा गेली की नाती सांगायचे शब्द जातात, हे आपल्याला कुणी समजावायला नको. 'मक्वा निंडूडेम', म्हणजे माझं कुळ अस्वल, हे दोन शब्द त्यांच्या एखाद्या मुलीला तिच्या भाषेत बिनधास्त म्हणता यावेत, एवढ्यासाठी आजचे पैसे आहेत. याला दानधर्म म्हणू नका. ज्यांच्या अंगणात आपण घर बांधलं, त्यांच्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच.

घड्याळ संपलं. त्यांच्याच भाषेत आभार मानतो : मिग्वेच!