तान्ह्या मुलाचा पहिला हक्क



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवली येथील आपल्या वस्त्यांतील मातांशी आज मला तान्ह्या मुलाच्या दुधाविषयी बोलावयाचे आहे. हा विषय घरातला, सभेत कशाला, असे पुरुषमंडळींना वाटेल. त्यांनीच तो आधी ऐकावा. बाबासाहेब व रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले, हे आपण जाणता. आणि 1928 च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा देताना, मातेला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले. 1929 साली तो कायदा झाला. 2017 साली रजा 26 आठवड्यांवर गेली. परंतु चार घरची भांडी घासणाऱ्या भगिनीला ही रजा कोण देतो? सव्वा महिना होतो न होतो तोच ती कामावर जाते, आणि मागे आजीच्या हाती पावडरीच्या दुधाची पातळ केलेली बाटली राहते. जुलाब तेथूनच सुरू होतात.

म्हणून कामावर जाणाऱ्या मातेने स्वच्छ उकळलेल्या वाटीत आपले दूध काढून झाकून ठेवावे. चार तासांच्या आत ते वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नकोच.

पहिला चीक पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत आहे. ती सोडा. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. मध, गुटी काही चाटवू नये. सहा महिने पाणीदेखील नको, वैशाखातही नाही.

डब्याच्या दुधाची जाहिरात करणे वा आईला फुकट नमुना देणे 1992 च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी डबा हाती ठेवला तर 'नको' म्हणावयाचा आपणास अधिकार आहे. दूध न येणाऱ्या मातेच्या अशक्त बाळासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी उभारली. आशियातील ती पहिली. म्हणजे मार्ग आहे, फक्त विचारावे लागते.

बाळ दूध ओढीनासे झाले, अंग थंड वा तापलेले लागले, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर अंगारा-धुपारा नको आणि सकाळची वाटही नको. राजावाडी, कूपर, जे महापालिकेचे रुग्णालय जवळ असेल तेथे तत्काळ न्यावे. नेताना बाळ आईच्या उघड्या छातीशी बिलगवून, वरून पातळ गुंडाळून न्यावे.