मृगाआधीचे आभाळ
(जिल्हा बैठकीत निर्मळच्या मंडळींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही निर्मळचे. वसई तालुक्यातले, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचे. आमच्याकडे केळी, पानवेल, फुलं आणि थोडं भात. पऱ्हाटीचं झाड आमच्यातल्या निम्म्या लोकांनी कालपर्यंत जवळून पाहिलं नव्हतं. तेव्हा ज्यांच्या अंगणात पावसाळ्याचे चार महिने पाणी साचतं, त्यांनी कोरडवाहू कापूस आणि ज्वारीवाल्यांना पावसाबद्दल काय सांगायचं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो आमच्याही मनात आला होता. पण तुमच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, म्हणाले, तुम्ही मंडळी वर्षानुवर्षं आभाळ बघून वहीत लिहिता, ते आमच्या लोकांपुढे बोला. म्हणून आलो. शहाणपण शिकवायला आलेलो नाही.

आमचा हा उद्योग तसा बिनपैशाचा. तळ्याच्या काठी संध्याकाळी चारपाच जण बसतात. वारा कुठून आला, ढग कुठे गेले, घाम किती आला, याच्या गप्पा होतात आणि त्यातलं काही वहीत उतरतं. उन्हाळ्याच्या शेवटी या गप्पांना धार येते, कारण त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचंच काहीतरी उघड्यावर असतं. अर्नाळ्याच्या कोळणींचे बोंबील वलांडीवर वाळत असतात. मिठागरात मीठ काढून रचायची घाई असते. घरोघर आगोटीची बेगमी चाललेली, पापड, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा. यातल्या कुठल्याही गोष्टीला एक सर पुरते. म्हणून वैशाख सरता सरता आमच्याकडे म्हातारी माणसं दर तासाला मान वर करतात.

२०२५ साली मात्र मान वर करायलाही सवड मिळाली नाही. २४ मे रोजी मान्सून केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईची नेमाची तारीख ११ जून. सोळा दिवस आधी! इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद नाही. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासून टिकलेला विक्रम त्या महिन्यात मोडला. आमच्याकडे वलांडीवरची मासळी कुजली, ज्यांनी मीठ झाकलं नव्हतं त्यांचं मीठ परत खाडीला गेलं.

हे आमचं झालं. तुमच्याकडे काय झालं? दूरदर्शनवर मुंबई तुंबलेली दिसली, भ्रमणध्वनीवर पोरांनी चित्रं पाठवली आणि शिवारात एकच बोलणं सुरू झालं, यंदा मृगाची वाट कोण बघतो? वळवाची एक दोन चांगली पडली होती, जमीन वरून काळी दिसत होती. कृषी खात्याने सांगितलं, पेरणीची घाई करू नका. आता सरकारी खात्याने एखादी गोष्ट सांगितली की उलटं करावं, हा आपला अनुभवाने पक्का झालेला नियम. पण त्या वेळी खात्याचं बरोबर होतं. मान्सूनची आघाडी मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद या रेषेवर येऊन थांबली ती थेट जूनच्या मध्यापर्यंत हलली नाही. विदर्भाचा बराचसा भाग त्या रेषेच्या वर कोरडा राहिला, आणि रेषेच्या खालीही बऱ्याच गावांत मान्सून नुसता कागदावर आला होता. सरकीचं पाकीट नऊशे रुपयांच्या घरातलं, एकरी दोन पाकिटं, वर टोबणीची मजुरी. उगवून करपलं तर परत तेवढंच. दुबार पेरणीचे हे पैसे कुठल्याही हवामानाच्या तक्त्यात दिसत नाहीत.

मुंबई भिजली म्हणून यवतमाळ का भिजत नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आमच्याकडचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो. ओला वारा सह्याद्रीला आडवा धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि आमच्या डोक्यावर रिकामा होतो. डोंगर ओलांडून तो तुमच्याकडे उतरतो तेव्हा त्याच्या झोळीत फारसं काही उरलेलं नसतं. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी सातआठशेच्या आत, तो याच कारणाने. तुमचा भरवशाचा पाऊस येतो बंगालच्या उपसागराकडून. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतं, तेव्हा विदर्भात झड लागते आणि तिचं शेपूट मराठवाड्याला मिळतं. म्हणजे तुम्ही डोळे लावायचे ते पूर्वेकडे. आमच्या तळ्यात बेडूक ओरडले त्याचा तुमच्या तिफणीशी संबंध नाही.

तुमचं राहू द्या, एका शहरातला पाऊससुद्धा एक नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एकाच मुंबईत! त्या दिवशी कोणी मुंबईची सरासरी काढली असती तर ती ना बुडालेल्याच्या कामाची होती ना कोरड्याच्या.

आता पंचांगाचं बोलू. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. आम्हीही नक्षत्रांवरच वाढलो. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं आमच्या तोंडात जानेवारी, फेब्रुवारीच्या आधी बसली. पण नक्षत्र म्हणजे काय, तर सूर्य आकाशात तारकांच्या कोणत्या घरात आहे तो हिशोब. पाऊस तारकांवर चालत नाही, ऋतूंवर चालतो. आणि पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो म्हणून तारका आणि ऋतू यांची जोडी सुटत जाते, साधारण ७२ वर्षांना एक दिवस. आज सूर्य मृगात जातो ७ किंवा ८ जूनला. शिवाजी महाराजांच्या काळात तो ऋतूच्या हिशोबाने चारपाच दिवस आधी जात होता. दीड हजार वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या काळच्या शेतकऱ्याला कोणी मृगाला पेर असं सांगितलं असतं तर तो भर उन्हाळ्यात पेरून बसला असता. म्हणजे मृगावर पेरायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांनी ते पोथीतून नव्हे, आपल्या काळातलं आभाळ बघून ठरवलं. आपले आजे पणजे आपण समजतो त्यापेक्षा जास्त चौकस होते.

वाहनांचं मात्र आम्हाला पटत नाही. यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस की गाढव, यावर अजून पारावर पैजा लागतात. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कितव्या नक्षत्रात आहे ते मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकीवरून वाहन ठरवायचं, एवढाच तो मामला. आणि जे वाहन बीडला तेच निर्मळला. एकाच म्हशीने आमच्याकडे पूर आणायचा आणि तुमच्याकडे पाण्याचा टँकर, हे काम त्या बिचारीला जमायचं कसं?

उरले खुणा सांगणारे. कावळ्याचं घरटं कुठल्या फांदीवर, टिटवीने अंडी कुठे घातली, बहावा कधी फुलला. आम्ही या खुणा लिहून ठेवतो, आवडीने लिहितो. पण वही चाळल्यावर आमचं मत असं झालंय की झाड आणि पाखरू झालेल्या उन्हाला आणि हवेतल्या दमटपणाला जाब देतं. येत्या दोनचार दिवसांचं ते थोडंफार सांगत असेल. ऑगस्टमध्ये खंड पडणार की नाही हे टिटवीला ठाऊक असतं असा पुरावा आमच्या वहीत तरी नाही.

मग वेधशाळेला तरी ठाऊक असतं का? इथे दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. १८७५ साली हवामान खातं निघालं, १८८६ पासून पावसाचे अंदाज सुरू झाले, तेव्हा हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधत. पुढे गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती १९०४ साली खात्याचा प्रमुख झाला आणि त्याने शोधून काढलं की आपल्या पावसाचा धागा पार प्रशांत महासागरापर्यंत जातो. तिकडे पेरूच्या किनाऱ्याजवळचं पाणी काही वर्षी तापतं. तिथल्या कोळ्यांनी त्याला एल निनो म्हटलं, म्हणजे बाळ येशू, कारण ते नाताळच्या सुमारास जाणवतं. आमच्या निर्मळात शंकराचार्यांची समाधीही आहे आणि चर्चही, त्यामुळे हे नाव आमच्याकडे लगेच पाठ झालं! एल निनो आला की आपल्याकडे पाऊस कमी होण्याची भीती असते, १९७२ साली तो होता. पण १९९७ साली शतकातला मोठा एल निनो आला आणि देशात पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच झाला. २००२ साली खात्याने सरासरीइतक्या पावसाचा अंदाज दिला होता. जुलै निम्मा कोरडा गेला आणि देशाचा पाऊस १९ टक्के तुटला. त्यानंतर खात्याला आपली सूत्रं बदलावी लागली. २०२३ साली पुन्हा एल निनो, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या सगळ्या ऑगस्टांत कोरडा ठरला.

तेव्हा एप्रिलमध्ये येणारा सरासरीच्या इतके टक्के हा आकडा ऐकावा, पण त्यावर पेरणीची तारीख ठरवू नये. तो आकडा देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. दोनचार दिवसांचा अंदाज मात्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे, वादळाचा तर फारच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, १७ मे २०२१ ला तौक्ते आमच्या समोरून गुजरातकडे गेलं, दोन्ही वेळा होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या. भ्रमणध्वनीवर महिन्या महिन्याच्या तारखा देणारे जे नवे ज्योतिषी निघालेत, त्यांना एवढंच विचारा की मागच्या वर्षीच्या चुकलेल्या तारखा कुठे लिहून ठेवल्यात?

पावसाच्या शेवटाबद्दलही बोललं पाहिजे, कारण ज्वारीवाल्यांचं मरण तिथे आहे. रब्बीची ज्वारी हस्ताच्या ओलीवर उभी राहते. जमिनीत साठलेलं पाणी हीच तिची विहीर. पाऊस लवकर गेला तर ती उगवत नाही, आणि लांबला तर खरिपाच्या ज्वारीचं कणीस काळं पडतं, कापसाचं फुटलेलं बोंड भिजून कवडी होतं. मान्सून राजस्थानातून परत फिरायची तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत, २०२० साली ती १७ सप्टेंबर केली. म्हणजे परतीचा पाऊस लांबतो हे खात्याने कागदावर मान्य केलंय. पीकविम्याच्या आणि मदतीच्या कागदावर ते अजून उमटायचंय. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडकडे जे पाणी आलं त्याने उभं पीकच नाही, माती खरवडून नेली. ती माती कुठल्या पंचनाम्यात बसते?

इथेच आमच्या वहीचा उपयोग सुरू होतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर सरकारी भाषेत अतिवृष्टी. मंडळ म्हणजे पंधरावीस गावं आणि पर्जन्यमापक एक. सांताक्रूझ आणि कुलाबा आठवा. तुमच्या शिवारात ढग फुटला आणि मापक दहा कोसांवर कोरडा राहिला, तर कागदावर तुमच्याकडे पाऊस पडलाच नाही. तुमच्या वहीतल्या आकड्याने तहसीलदार उद्या धनादेश काढील असं आम्ही म्हणत नाही. पण गावातल्या पाच जणांच्या वह्यांत रोजचा आकडा असेल तर मापक कुठे बसवलाय, त्यावर झाडाची फांदी आली आहे का, तो चालू होता का, हे विचारायला तोंड राहतं.

त्याला महागडं यंत्र लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचा, तळ आणि तोंड सारखं असलेला डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, खांबावर पक्का बांधा. रोज सकाळी साडेआठला, वेधशाळा मोजते त्याच वेळी, पट्टी घालून पाणी मोजा, लिहा आणि डबा ओता. शून्य असलं तर शून्य लिहा, तो आकडाही पावसाचाच आहे. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर म्हणजे लाख लिटर, ऐकायला भरपूर, पण उन्हाने भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ते भेगांतून खाली जातं आणि वर ढेकूळ तसंच राहतं. कापसाच्या टोबणीला ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्यावा असं कृषी खातं सांगतं. तुमच्या डब्यातली बेरीज तिथे पोचली, वीतभर खणून ओल हाताला लागली आणि वाफसा आला, म्हणजे मग पाकीट फोडा. वळवाच्या सरीही त्याच वहीत लिहा, पण वेगळ्या शाईने.

आमच्याकडे पूर्वी प्रत्येक वाडीला बावखल असायचं, पावसाचं पाणी धरून विहिरी गोड ठेवणारं. ती बुजली, विहिरींतून टँकर भरभरून पाणी शहराकडे गेलं आणि काही विहिरी खारट झाल्या. किती वर्षांत किती खारट झाल्या, हे सांगायला तेव्हा कोणी वही ठेवली नव्हती. आम्ही लिहायला लागलो ते त्यानंतर. आज येताना आम्ही चार डबे आणि चार वह्या बरोबर आणल्या आहेत, बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या गावात मापक नाही त्यांनी आधी घ्याव्यात.